कोपऱ्यावरची हिरवी हापशी

"ही हापशी माझ्यापेक्षा जास्त कण्हते, आणि हिला साधं औषधही कुणी विचारत नाही."

थोरली हे बोलली हंड्याशी, पण लेकी बोले सुने लागे. शेजारच्या पायरीवर कपडे पिळत बसलेल्या धाकट्या जावेला ते बरोबर लागलं. धाकटीचा नवरा हापश्या दुरुस्त करणारा मिस्त्री. साऱ्या वस्तीतल्या हापश्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि त्याच्याच घराच्या कोपऱ्यावरची हापशी मात्र दांडा दाबला की अशी विव्हळायची की रस्त्यानं जाणारा मागं वळून बघे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"ते आले की सांगते, अक्का."

"ते येतील तोवर मी जाईन," थोरली म्हणाली आणि तिनं दांडा मनगटांनी दाबला.

तळव्यांनी दाबणं तिनं कधीच सोडलं होतं. तळव्यांवर गव्हाच्या दाण्यांसारख्या टणक गाठी उठल्या होत्या, दाण्यांच्या मधली कातडी चिरली होती. पाठीवर, छातीवर काळे डाग पडले होते. तळपायाला एक जखम होती, ती भरायचं नाव घेत नव्हती. कातडीच्या डॉक्टरनं हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हे पाण्यातून आलंय. खराब पाणी बंद करा." थोरली त्याच्यावरच उखडली. "अहो, आम्ही हिरव्या हापशीचं पितो! वर उकळून पितो!" डॉक्टर म्हणाला, मग जुनं काही असेल, आणि मलम लिहून मोकळा झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर धाकटीनं मलम चोळत दिवस काढले असते. पण आदल्याच आठवड्यात थोरलीच्या मुलीची, बेबीची, वेणी घालताना तिनं बेबीचा हात हातात घेतला तर तळव्यावर दोन दाणे लागले.

"हे काय गं?"

"दोरीच्या उड्या मारून झालं असेल, काकू."

धाकटीनं वेणी इतकी घट्ट ओढली की पोरगी किंचाळली. थोरलीला मात्र ती काही बोलली नाही. काय बोलणार होती?

त्या सकाळी मिस्त्री कामावर गेला होता. रोजच्या कण्हण्याचा कंटाळा येऊन धाकटी स्वतःच पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन हापशीपाशी गेली. संसारात तिनं पळीपेक्षा पाना जास्त धरला होता, तेव्हा त्यात अवघड काही नव्हतं. हापशीच्या डोक्याचं, म्हणजे दांडा आणि साखळी ज्यात बसते त्या वरच्या लोखंडी पेटीचं, पुढचं झाकण तिनं सोडवलं आणि फडक्यानं आतून पुसलं.

झाकणाच्या आत छिन्नीनं कोरलं होतं: चक्की.

मिस्त्रीची ही जुनी रीत. कुठल्याही हापशीचं डोकं दुकानात आलं की आधी झाकणाच्या आत ठिकाण कोरायचं. सगळी डोकी दिसायला सारखीच. "नाव घातलेलं बरं," तो हसून म्हणायचा, "नाहीतर सवतीचं पोर सवतीच्या घरी जायचं."

धाकटीनं साखळीला ग्रीस चोपडलं, झाकण लावलं, बोल्ट आवळले. दांडा एकदा खाली-वर केला. हापशी गप्प झाली होती. मग ती तिथंच ओल्या सिमेंटवर बसली.

बेबी रांगत होती त्या उन्हाळ्यात बाटल्यावाले आले होते. प्रत्येक हापशीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे म्हणाले. म्हाताऱ्यांनी अर्थ लावून दिला, म्हणजे सोमल, उंदराला घालतात तो. एका बोअरला असतो, दुसऱ्याला नसतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. निकाल येईपर्यंत गल्लीतल्या दोन्ही हापश्या बिघडल्या, एक कोपऱ्यावरची आणि एक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पिठाच्या चक्कीपाशी. दोन्ही डोकी मिस्त्रीच्या दुकानात आली. मग रंगवाला निकालाची यादी आणि दोन डबे घेऊन सरळ दुकानातच हजर झाला. "चिठ्ठ्या वाचत बसू नका, रंग बघा. हिरव्याचं प्या, लालचं धुण्याला." कोपऱ्याचं डोकं कुठलं, चक्कीचं कुठलं, त्यानं विचारलं. मिस्त्रीनं बोट दाखवलं. एकाला लाल रंग लागला, एकाला हिरवा. धाकटी तेव्हा रंगवाल्याला चहा देत होती. कुठल्याला कुठला, हे बघायचं तिला काय पडलं होतं?

दोन दिवसांनी डोकी बसली. कोपऱ्यावर हिरवं आलं. गल्लीनं सुटकेचा श्वास टाकला. पोरगं परीक्षेत पास झाल्यावर आईनं पाठीवरून हात फिरवावा तसा थोरलीनं हापशीवरून हात फिरवला होता.

झाकणात मात्र लिहिलं होतं चक्की. म्हणजे हिरवा रंग चक्कीच्या पाण्याला मिळालेला होता. आणि हे कोपऱ्यावरचं पाणी लाल.

धाकटीच्या डोळ्यांपुढं आली ती पाण्याची किटली. थोरलीचा नवरा, सगळ्यांचा दादा, चक्कीवर दळण करायचा. पिठानं घसा सुकायचा, आणि हापशी दारातच. लाल असली तरी तो तिलाच तोंड लावायचा. "मला हेच गोड लागतं," म्हणायचा. एकदा थोरलीनं त्याला रंगेहाथ पकडलं आणि चक्कीवर दळायला आलेल्या बायकांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचारा पिठासारखा पांढरा पडला. "पोरीला बापाविना वाढवू का मी?" त्या दिवसापासून रोज दुपारी ती कोपऱ्यावरचं पाणी उकळून, गार करून, किटलीत भरून चक्कीवर न्यायची. तो पिऊन संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वर्षानुवर्षं. मग त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस दारुड्याच्या मरणानं मेला, आणि गल्लीतल्या चार जिभांनी त्याच्या उशाखालच्या बाटल्याही शोधून काढल्या.

दुपारी धाकटी दुकानात गेली. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. जुनी डोकी तोंडं वासून ओळीनं बसलेली, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. मिस्त्री जमिनीवर बसून चामड्याचे वायसर कापत होता.

"कोपऱ्याच्या हापशीला ग्रीस घातलं मी."

त्याचा हात थांबला. "झाकण उघडलंस?"

"झाकण न उघडता ग्रीस घालायला मी काय जादूगार आहे?"

तो पुन्हा कापू लागला, पण वायसर वाकडा गेला.

"आत चक्की लिहिलंय."

"बोल्ट बसत नव्हते गं," तो म्हणाला. बराच वेळ घोकून ठेवलेलं असावं तसं भराभरा म्हणाला. "कोपऱ्याला डोकं ज्यावर बसतं त्या टाकीची भोकं थोडी सरकलेली. तिचं डोकं काही केल्या बसेना. चक्कीच्या डोक्याची भोकं मी आधीच मोठी केली होती, ते ठेवून पाहिलं, चटकन बसलं. मला डोकं म्हणजे डोकं. पाणी तर खालून येतं. रंगाचं मनातच आलं नाही."

"दरवर्षी झाकण उघडायचात तुम्ही."

"उघडायचो. वाचायचो. चक्की. बरं, म्हणायचो, साखळी बघायचो, बंद करायचो. दादाचं पोट फुगलं ना, त्या वर्षी उघडलं आणि…" त्यानं कात्री खाली ठेवली. "तिथंच बसलो. पुन्हा त्या झाकणाला हात लावला नाही."

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर काय? दादा गेला. मग कुणाला सांगू? वहिनींना? मला आई आठवत नाही, वहिनी आठवतात. त्यांनी मला घास भरवलेत."

"म्हणून तो फिल्टर आणलात."

दादा गेल्यावर मिस्त्रीनं घरात एक उंच, चकचकीत फिल्टर आणून ठेवला होता. गाळ गाळणारा. सोमल त्यातून आरामात जातो, जावई सासुरवाडीत जातो तसा. थोरलीनं त्याला 'भाऊजींचा रणगाडा' असं नाव ठेवलं होतं.

"मला वाटलं, थोडं तरी अडेल," तो म्हणाला. "आणि मीसुद्धा तेच पाणी पितो. मुद्दाम पितो."

"वा! म्हणजे तुम्ही प्यायलात की आमची तहान भागली."

त्यानं मान खाली घातली. धाकटीला दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

"बेबीच्या तळव्याला दाणे आलेत," ती म्हणाली.

तो वर बघेना. खांदे मात्र असे आकसले की जणू कुणी मागून काठी उगारलीय.

"मी सांगतो," तो अखेर म्हणाला. "मीच सांगतो वहिनींना. थोडं थांब."

मिस्त्रीचं 'थोडं थांबा' साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यात ऋतू बदलायचे.

थांबायचं तर पाणी कुठलं प्यायचं? सोमल काढलेल्या पाण्याची मोठी टाकी हमरस्त्याच्या पलीकडं, तिथं रांग अशी की सकाळी गेलेलं माणूस दुपारी परत. चक्कीचं पाणी हाकेवर. पण लाल हापशीला प्यायचा हंडा लावणं म्हणजे गल्लीत बोभाटा. तिथं लोक दुचाक्या धुवायचे, म्हशींच्या पाठी खरारायचे, गोधड्या तुडवायचे. इतकी वर्षं चांगल्या पाण्यानं चाकांचा चिखल निघत होता.

धाकटीनं युक्ती काढली. धुण्याची बादली घेऊन जायची, तळाशी झाकणाचा डबा, वर ओले कपडे. घरी आलं की थोरलीचा माठ ओतायचा आणि डब्यातलं पाणी भरायचं. घरात सहा महिन्यांत धुतली गेली नसतील इतकी अंथरुणं त्या दिवसांत धुतली गेली. थोरली म्हणालीच, "धाकटे, घरात कुणी बाळंत झालंय का? की तुला कपड्यांनी स्वप्नात येऊन सांगितलं?"

हे असं किती दिवस चालणार! शेवटी एक दिवस शिंपीणबाईनं पाहिलं. शिंपीणबाईची नजर सुईच्या नेढ्यातून जाणारी. तिनं ओल्या चादरीचं टोक उचललं, खाली डबा, डब्यात पाणी.

"अगं बाई, लालचं पाणी भरतेस? प्यायला?"

"भांडी घासायला."

"भांडी घासायला झाकणाचा डबा? आणि वरून चादर?" तिनं आवाज खाली आणला, म्हणजे तो गल्लीला अधिक नीट ऐकू गेला. "जावेनं तुझं असं काय घोडं मारलंय गं? आधीच ती हातापायानं जर्जर…"

संध्याकाळपर्यंत गोष्ट पूर्ण शिजली होती. धाकटी थोरलीला सोमल पाजते. घर सगळं आपल्या पदरात पडावं म्हणून. दादालाही तिनंच पाजला असेल, कुणी सांगावं. दुकानात वाणी तिच्याशी बोलला, पण वजनकाट्याकडं बघून. धाकटी पिशवी घेऊन घरी आली आणि पिशवी खाली ठेवायचंही विसरली.

थोरली खाटेवर बसली होती, जखमेचा पाय उशीवर ठेवून. बेबीला तिनं शेजारी खेळायला पिटाळलं होतं.

"धाकटे, खरं सांग. मला लाल हापशीचं पाणी पाजतेस?"

"हो."

"बेबीला?"

"तिलाही. शाळेच्या बाटलीतही तेच भरते."

थोरलीनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. दोघींनी एका चुलीवर इतकी वर्षं काढलेली. भांडल्या होत्या, महिनामहिना अबोला धरला होता, एकमेकींच्या माहेरचा उद्धार केला होता.

"का?"

"चांगलं आहे म्हणून." धाकटीचा आवाज फाटला. "याच्यापुढं मला विचारू नका, अक्का. ज्यांनी सांगायचं ते सांगतील."

थोरलीनं दारातून बाहेर पाहिलं. कोपऱ्यावरची हापशी उतरत्या उन्हात हिरवीगार उभी होती, ग्रीस घातल्यापासून अगदी मुकी. बराच वेळ थोरली तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन मनगटांत पेला धरला, धाकटीनं माठातलं पाणी त्यात ओतलं, आणि थोरली ते घोट घोट करत तळापर्यंत प्यायली.

"गोड आहे," ती म्हणाली. "ते म्हणायचे तसं."

त्यानंतर तिनं काहीही विचारलं नाही. मिस्त्री घरी आला की नेहमीसारखं वाढायची, भाऊजी, अजून घ्या, म्हणायची. त्या आग्रहानं तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

पुढच्या आठवड्यात तपासणीवाल्या बाई आल्या. थकलेल्या, साध्या, खांद्याला पेटी. वस्तीत हातापायांच्या तक्रारी वाढल्या म्हणून हिरव्या हापश्या पुन्हा तपासायला त्यांना पाठवलं होतं. गल्ली गोळा झाली. बाईंनी कोपऱ्यावरचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात पुड्या टाकल्या, तोंडावर कागदाची पट्टी लावली आणि थांबल्या. पांढरी पट्टी आधी पिवळी झाली. मग गडद पिवळी. मग तपकिरी. बाईंनी चष्मा काढून पट्टी डोळ्यांशी नेली आणि पुन्हा चष्मा लावला.

"हे पाणी कुणी पिऊ नका," त्या म्हणाल्या. "आजपासून थेंबही नाही."

सगळेच एकदम बोलू लागले. लोक आपापले तळवे उलटे करून बघू लागले.

"पण हिरवी होती ना हो!" शिंपीणबाई म्हणाली. "मग जमिनीत पाणी फिरलं असेल. इकडचं तिकडं."

"होतं तसं कधीकधी," बाई म्हणाल्या. "खालचं काही सांगता येत नाही."

हे सगळ्यांना पटलं. जमिनीवर दोष टाकला की कुणाशी वैर येत नाही. मिस्त्री गर्दीच्या कडेला उभा होता. धाकटीनं पाहिलं, त्याचे खांदे किंचित सैल झाले. तिला ते सैल होणं सहन झालं नाही.

बाईंनी पेटीतून लाल रंगाचा डबा काढला. "नवी सोय होईपर्यंत हमरस्त्यापलीकडच्या टाकीवरून पाणी आणा. लांब पडेल, पण इलाज नाही."

"चक्कीवरची हापशी तपासा ना, बाई," धाकटी म्हणाली.

"ती लाल आहे ना? लाल परत तपासत नाहीत. पुड्या मोजक्याच असतात हो."

"तरी तपासा. एकदाच."

"तिला तेच पाजायचंय जावेला!" मागून कुणीतरी बोललं, आणि दोन-तीन जण हसले. धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो हापशीकडं बघत होता. बाईंनी डब्याचं झाकण उचकटलं, ब्रश बुडवला.

"बाई, तो डबा झाका जरा."

थोरली दारातून आली होती. जखमेची टाच वर धरून, भिंतीला मनगट टेकत. गर्दीनं वाट दिली. ती सरळ मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, लहानपणी डब्यातली साखर खाल्लीत की तुम्ही एका पायावर उभे राहायचात. मी न विचारता ओळखायची. आताही तसेच उभे आहात."

लोक हसले. मिस्त्रीनं खाली पाहिलं. खरंच, सगळा भार एका पायावर होता. त्यानं दुसरा पाय टेकवला.

"डोकी अदलाबदल झाली," तो म्हणाला. "मी केली. बसवताना. हिरवं चक्कीचं होतं. हे पाणी पहिल्यापासून लालच होतं. झाकणाच्या आत लिहिलंय, हवं तर उघडून बघा."

कुणीतरी त्याच्या दंडाला धरलं, पण ओढायचं की सोडायचं हे त्याला कळेना, तसंच धरून राहिलं. शिंपीणबाईनं धाकटीकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. गल्लीच्या त्या टोकाला चक्कीपाशी एकजण दुचाकी धूत होता, पाण्याचा आवाज इथवर येत होता.

बाईंनी ब्रश पुसला, डबा झाकला, पेटी खांद्याला लावली. "चला, दाखवा ती हापशी."

पण पाऊल कुणी उचलेना. शिंपीणबाईच्या नवऱ्यानं हिशोब जुळत आल्यासारखं मान वर केली. "म्हणजे मग आपला दादा…" तो म्हणाला, आणि थोरलीकडं लक्ष जाताच तिथंच थांबला. बाकीचे जमिनीकडं बघू लागले. मिस्त्री दोन्ही पायांवर उभा होता.

थोरलीनं आपले ते चिरलेले तळवे त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले, लहानपणी तोंड धुवून द्यायची तसे.

"तुम्ही डोकं बसवलंत, भाऊजी, आणि किटली मी नेली," ती म्हणाली. "ते नको नको म्हणत होते. आपण दोघांनी मिळून मारलं त्यांना."